चेहऱ्यावरची खनिजे

दुर्ग आणि भिलाई ही दोन गावे आता एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की, मोहन नगरच्या रहिवाशाला गाव विचारले तर तो समोरचा माणूस पाहून उत्तर देतो. परगावच्या पाहुण्याला तो ‘भिलाई’ म्हणतो, कारण ते नाव पोलादामुळे देशभर ठाऊक आहे. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे या भागातील कित्येक घरांतून आजही चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते आणि दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास दरवळतो. अशा घरांतील मुलगी आज लग्नकार्याला किंवा नोकरीच्या मुलाखतीला निघताना आरशासमोर एक लहानशी डबी उघडते. डबीत चेहऱ्याच्या रंगाचे चूर्ण असते आणि झाकणावर ‘मिनरल फाउंडेशन’ असे लिहिलेले असते. मराठीत त्याला खनिज मुखलेप म्हणता येईल. पण दुकानात हा शब्द वापरणाऱ्याला ती डबी मिळण्याची आशा थोडीच.

डबीच्या तळाशी बारीक अक्षरांत घटकांची नावे असतात : अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि लोहाची ऑक्साइडे. यांपैकी शेवटचे नाव भिलाईकरांना परके वाटू नये. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून जो लाल दगड ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रवास करून येथील कारखान्यात येतो, तो हेमॅटाइट म्हणजे लोहाचे लाल ऑक्साइडच होय. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हा दगड वितळून त्याचे रूळ होत आहेत. त्याच कुळातील रंग वस्त्रगाळ होऊन मुलींच्या गालांवर बसतो. मात्र त्यासाठी खाणीतील दगड थेट वापरीत नाहीत. नैसर्गिक गेरूत शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषारी धातूंचा अंश असू शकतो, म्हणून प्रसाधनांसाठी हे रंग कारखान्यात शुद्ध स्वरूपात घडविले जातात. ‘खनिज’ म्हणजे जमिनीतून काढले आणि डबीत भरले, ही समजूत त्यामुळे खरी नाही. इतकेच काय, ‘खनिज’ या शब्दाला येथे कायद्याची नेमकी व्याख्याही नाही. ज्यात सुगंध, मेण आणि तैलद्रव्ये भरपूर आहेत अशा डबीवरही तो शब्द सुखाने छापता येतो. झाकणावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा तळाची बारीक अक्षरे वाचावीत, ती एवढ्यासाठी.

लोहाची ही ऑक्साइडे तीन रंगांची असतात : लाल, पिवळे आणि काळे. पिवळी माती भाजली की लाल होते, हे कुंभाराला रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक असते. भाजताना तिच्यातील पाण्याचा अंश निघून जातो, एवढाच तो चमत्कार. या तीन रंगांत पांढऱ्याची भर घातली की माणसाच्या कांतीच्या जवळजवळ सगळ्या छटा जुळविता येतात. पांढऱ्याचे काम टायटॅनियम डायऑक्साइड करते. प्रकाश वाकविण्याची त्याची शक्ती हिऱ्यापेक्षाही अधिक आहे आणि म्हणूनच त्याचा अगदी पातळ थरही खालचे डाग झाकतो. हे ज्या इल्मेनाइटपासून मिळते, ते केरळच्या किनाऱ्यावर तसेच आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही सापडते. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताचे पांढरे भस्म. ते त्वचेला सौम्य असते. काही चूर्णांत शंखजिरेही असते. ते इतके मऊ असते की नखानेही ओरखडा उठतो, आणि त्या मऊपणामुळेच ते चेहऱ्यावर सहज पसरते.

चेहऱ्याला खनिजे फासण्याची रीत काही नवी नाही. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या काळात पुरुष नटांना स्त्रीरूप देताना पेटीतून सफेदा, पिवडी, इंगुळ असे रंग निघत. त्यांतील जुना सफेदा शिशाचा आणि इंगुळ पाऱ्याचा. कथकळीच्या रंगांत तर हरताळही असे, आणि ते आर्सेनिकचे संयुग आहे. नटांचे चेहरे रात्री देवादिकांचे होत. पण त्या देवपणाची किंमत कोणत्या धातूत मोजली जात होती, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. युरोपातही निराळे नव्हते. जर्मनीतील लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने १८७३ च्या सुमारास शिसेरहित रंगकांड्या तयार केल्या, त्या नटाच्या गरजेतूनच. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात १९६२ साली दुरुस्ती होऊन प्रसाधने त्याच्या कक्षेत आली. शिशाची वा आर्सेनिकची संयुगे रंगासाठी घालण्यास आज बंदी आहे. बाजारात सुट्या पुड्यांतून किंवा नाव-पत्ता नसलेल्या डब्यांतून मिळणाऱ्या चूर्णाला मात्र हा कायदा गाठू शकत नाही. दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी ते घेणे म्हणजे जुन्या रंगपेटीकडे परत जाणे होय.

अभ्रकाची गोष्ट अधिक अवघड आहे. चेहऱ्यावर जे हलके तेज दिसते ते त्याच्या पापुद्र्यांमुळे. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह या भागांत बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ‘ढिब्रा’ म्हणजे भंगार अभ्रक वेचण्याचे काम कुटुंबेच्या कुटुंबे करतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. ढिगारे कोसळून मुले दगावल्याच्या बातम्या २०१६ मध्ये जगभर गेल्या. पुढच्याच वर्षी अभ्रक वापरणाऱ्या कंपन्या आणि सेवाभावी संस्था यांनी ही बालमजुरी थांबविण्यासाठी एक संयुक्त संस्था स्थापन केली. काही उत्पादक आता भट्टीत तयार केलेले कृत्रिम अभ्रक वापरतात. घटकांच्या यादीत त्याचे नाव ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लॉगोपाइट’ असे लांबलचक असते. नाव उच्चारता आले नाही तरी ओळखता यावे.

निवडीचा प्रश्न खरा अडतो तो रंगाशी. दुकानदार गव्हाळ वर्णाच्या मुलीपुढे तिच्याहून दोन छटा उजळ असलेली डबी ठेवतो आणि घरची वडीलधारी मंडळी मान डोलवतात. वधूच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द जोपर्यंत जागा अडवून आहे, तोपर्यंत हे चालणारच. पण येथे खनिजे कोणाची भीड धरीत नाहीत. पांढऱ्या चूर्णाचे प्रमाण वाढले की सावळ्या त्वचेवर उजळपणा येत नाही, राखेची झाक येते. छायाचित्रात तर चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसते. सावळ्या कांतीला लाल आणि पिवळ्या ऑक्साइडाचा भरणा अधिक असलेली छटा लागते. अशा छटा बाजारात उशिराने आल्या आणि अजूनही लहान गावांच्या दुकानांत त्या मागून घ्याव्या लागतात. त्या मागाव्यात. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास न ठेवता दारात, दिवसाच्या उजेडात यावे. मनगटावर नव्हे, तर जबड्याच्या कडेवर, जेथे गाल संपून मान सुरू होते तेथे, दोन-तीन छटांच्या रेघा ओढाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. त्वचेचे तेल चूर्णात मुरले की रंग थोडा गडद होतो. त्यानंतर जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली छटा.

कोरड्या त्वचेला कोरडे चूर्ण मानवत नाही. ते सुरकुत्यांत आणि खपल्यांत अडकून बसते. तेलकट त्वचेला ते चांगले मानवते. ज्यांना लावल्यावर खाज सुटते त्यांनी यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे काय ते पाहावे. त्याची चमक मोत्यासारखी असली तरी काहींना ते सोसत नाही.

लावण्याची रीत सोपी आहे, पण ती घाईची नाही. चेहरा धुऊन, टिपून, हलके मलम लावावे आणि ते जिरेपर्यंत पाच-सात मिनिटे द्यावीत. ओल्या त्वचेवर चूर्णाचे ठिपके धरतात. चिमूटभर चूर्ण झाकणात घ्यावे, आखूड आणि दाट केसांचा ब्रश त्यात गोल फिरवावा आणि कडेवर टिचकी मारून जास्तीचे झाडावे. मग गालापासून आरंभ करून लहान गोल हातांनी ते त्वचेत मुरवावे, थापू नये. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे दिसतात. जेथे डाग असेल तेथेच तिसरा. हे करताना चूर्ण उडवू नये, फुंकू नये आणि पाळण्याजवळ तर डबी उघडूच नये. बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाणे बरे नव्हे. शंखजिऱ्याविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ असा निर्वाळा दिला आहे.

आणखी एक गैरसमज उन्हाविषयीचा. या चूर्णातील टायटॅनियम आणि जस्त ऊन अडवितात हे खरे. परंतु डबीवर छापलेले संरक्षण मिळण्यासाठी जितके लावावे लागेल तितके कोणी लावीत नाही. वैशाखात जेथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या दुर्ग-भिलाईत उन्हासाठी वेगळे मलम आधी लावणे, आणि ओढणी डोक्यावरून घेणे, यांना पर्याय नाही. घाम आला तर तो पुसू नये, रुमालाने टिपावा. पुसल्यास चेहऱ्यावर नकाशा उमटतो.

रात्री घरी परतल्यावर हे सारे सौम्य साबणाने धुऊन टाकावे. आठवड्यातून एकदा ब्रशही धुवावा आणि केस खाली करून वाळत घालावा. नाहीतर दांड्यात पाणी उतरून केस गळू लागतात. धुताना मोरीत जे पाणी वाहते ते तांबूस असते, पावसाळ्यात राजहऱ्याच्या ओढ्यांतून वाहते तसे.