वंदना पायांची आणि परिणामांची



तीर्थ म्हणजे नदीचा उतार, पैलतीरी नेणारी वाट. हा अर्थ पाठशाळेत मुखोद्गत केला होता. उमगला मात्र श्री सम्मेदशिखरजीवर. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. चढण ९ किलोमीटर, टोंकांची वंदना ९ आणि उतरणही ९.

मधुबनातून आम्ही मध्यरात्रीनंतर अनवाणी निघालो. मुखी णमोकार होता, चित्तात मात्र हिशेब : कोण मागे राहिले, कोणाला डोली लागली. संघातील वयोवृद्ध आक्का डोलीत बसल्या, तेव्हा त्यांची वंदना मी मनोमन अपुरी ठरवली. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

गंधर्वनाल्यापाशी डोली टेकली. आक्कांनी अंगावरच्या शालीची घडी केली, डोलीवाल्याच्या सोललेल्या खांद्यावर ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, ''बाबा, माझा भार तुझ्यावर पडला, क्षमा कर.'' पहाटेच्या त्या थंडीत पुढे त्या शालीविनाच होत्या.

पायी चालणारा मी. परंतु परिणामांची विशुद्धी कोणाची होती?

पार्श्वप्रभूंच्या टोंकेवर मस्तक टेकले, तेव्हा ओठांवर काही मागणे उरले नव्हते. उतरताना ९ किलोमीटर मी त्या डोलीच्या मागेच चाललो.