चित्रकलेचा तास आणि रचलेले छायाचित्र



छायाचित्र म्हणजे प्रत्यक्षाचा पुरावा, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. बंधाऱ्याचे किंवा शाळेच्या नव्या खोलीचे छायाचित्र कागदपत्रांना जोडले की काम झाल्याची खात्री पटते. परंतु छायाचित्र जसे टिपता येते, तसेच ते रचताही येते. ही रचना उघडपणे शिकविण्याची योग्य जागा म्हणजे चित्रकलेचा तास होय.

ही कला नवी नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तिसांहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केले. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख यांनी नियतकालिकांतील छायाचित्रे कापून व चिकटवून तत्कालीन समाजावर मार्मिक भाष्य केले. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू स्वप्नात सहज शेजारी येतात. तोच अनुभव या पंथाच्या कलावंतांनी चित्रात आणला.

अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात १९६० पासून अध्यापन करणारे जेरी यूल्समन (१९३४–२०२२) यांनी तो छायाचित्रात आणला. अंधारखोलीत ते अनेक एन्लार्जर ओळीने मांडीत. प्रत्येकात निराळी निगेटिव्ह असे. एकच कागद क्रमाक्रमाने प्रत्येकाखाली नेऊन, नको तो भाग झाकून, ते पाण्यावर मुळांसकट अधांतरी तरंगणारे झाड निर्माण करीत. हे सारे संगणकाविना घडे. १९९० साली फोटोशॉप बाजारात आल्यावर हेच काम पडद्यावर होऊ लागले.

आपल्या शाळांत स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची परंपरा आहे. तिला या पाठाची जोड सहज देता येईल. जुनी वर्तमानपत्रे, कात्री आणि खळ एवढे साहित्य पुरेसे आहे. ढगांतून चाललेली बैलगाडी किंवा पाटीवर उगवलेले शेत विद्यार्थ्याने रचावे. रचताना तीन गोष्टी त्याला आपोआप उमगतात. सर्व वस्तूंवर प्रकाश एकाच दिशेने पडला पाहिजे. त्यांचे परस्पर प्रमाण जुळले पाहिजे. आणि जोडाची कड दिसता कामा नये. यांपैकी एक जरी चुकली तरी अद्भुताचा भंग होतो.

जे रचताना कळते तेच पारखतानाही उपयोगी पडते. १९१७ साली इंग्लंडमधील कॉटिंग्ली गावी दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून, टोपीच्या टाचण्यांनी उभ्या करून त्यांची छायाचित्रे घेतली. आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या विद्वान लेखकानेही ती खरी मानली. पऱ्या कागदाच्या होत्या, ही कबुली १९८३ साली मिळाली. तेथे हानी झाली नाही. परंतु खोट्या छायाचित्राने एखाद्या गावात तेढ निर्माण झाली किंवा एखाद्या मुलीची बदनामी झाली, तर ती भरून निघणे कठीण असते.

आज केवळ शब्द दिले तरी संगणक चित्र तयार करून देतो. अशा चित्रात सावली किंवा कड चुकलेली सापडेलच असे नाही. म्हणून डोळ्यांच्या पारखीला प्रश्नांची जोड हवी : हे चित्र कोणी काढले, केव्हा काढले, कोठे काढले आणि प्रथम कोणाकडून आले?

वर्गातही दोन नियम कटाक्षाने पाळावेत. प्रत्येक चित्राखाली ‘रचलेले चित्र’ अशी स्पष्ट नोंद असावी. आणि कोणाही व्यक्तीचा चेहरा तिच्या संमतीवाचून वापरू नये. कल्पना आणि फसवणूक यांमधील सीमारेषा या दोन नियमांनीच आखली जाते.

ज्या विद्यार्थ्याने आपल्या हातांनी ढगांत बैलगाडी चालविली, तो पुढे हाती येणारे प्रत्येक छायाचित्र क्षणभर थांबून पाहील. ग्रामसभेत बसणाऱ्या उद्याच्या नागरिकाला ही सवय लावणे, हे चित्रकला शिक्षकाचे मोठेच कार्य ठरेल.