बांधावरची परीक्षा

शिकत असतानाच रोजगारक्षम कौशल्ये अंगी कशी यावीत, हा या परिषदेचा विषय. त्याचे एक उत्तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेतांत रोज तपासले जाते.

राहुरीला 1968 मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कृषी पदवीचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात; कृषिदूत, कृषिकन्या ही त्यांची गावातली ओळख. एक टक्का बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि 100 लिटर पाणी, हे त्यांनी वाचलेले असतेच. पण डाळिंबाच्या बागेत शेतकऱ्यासमोर मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मिसळायचे, लोखंडी खिळा बुडवायचा आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला हे दाखवायचे, ही परीक्षा निराळी. ‘चुना जुना असला तर?’ या प्रश्नाला पाठांतर पुरत नाही. समोरच्याला कळेल असे बोलणे, ठरल्या वेळी हजर राहणे, ठाऊक नसेल तर तसे सांगून दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येणे! नोकरी देणारा आणखी वेगळे काय शोधतो?

किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी कामातून मिळणाऱ्या शिक्षणाचे हे मोल फार आधी ओळखले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कष्ट व शिक्षण यांची सांगड घातली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांनाही प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे श्रेयांक मिळू लागले. धास्ती एकच : सही-शिक्क्याचा कागद मिळाला की अनुभव संपला, असे होऊ नये.

म्हणून यजमान जिल्ह्यातील संस्थांना स्वागत समितीची विनंती आहे. साखर कारखान्यांनी रसायनशास्त्राच्या मुलांना प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स मोजू द्यावा. पतसंस्थांनी वाणिज्यच्या मुलींना खतावणी जुळवायला बसवावे. हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद मांडते; तशी मांडणी इतर गावांनी भूगोल आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, आणि तो ताळेबंद त्यांनी ग्रामसभेत स्वतः वाचावा.