स्वराखालचं अक्षर

लोणारजवळच्या आमच्या सुलतानपूरला भजनात पेटी धरणाऱ्या बुवांची एक वही आहे. पन्नासेक चाली, सगळ्या भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत. पानं पिवळी पडली, म्हणून आम्ही ती टाइप करून घेतली, झेरॉक्स काढून मुलांना वाटली. आठवड्याभरात मुलं सम चुकायला लागली!

दोष मुलांचा नव्हता. या लिपीत वर स्वर, त्याखाली गीताचं अक्षर आणि त्याखाली तालाची खूण असते. समेला फुली, खालीला शून्य. टाइप करणाऱ्यानं तिन्ही ओळी नुसत्या मोकळ्या जागा सोडून जुळवल्या होत्या. छापताना फॉन्ट बदलला आणि ओळी सरकल्या. त्रितालात नवव्या मात्रेचं अक्षर दहाव्या स्वराखाली जाऊन बसलं. शुद्धलेखनाची चूक डोळ्यांना दिसते, ही मात्र गाऊ लागल्यावरच कळते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांसाठी शेकडो चिजांचे खिळे जुळवणाऱ्यांची आठवण तेव्हा झाली.

मग भाच्यानं ‘लिलिपाँड’ दाखवला. दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ साली सुरू केलेला हा मोफत प्रोग्रॅम. मुळात पाश्चात्त्य स्वरलेखनासाठीचा. आपण साधा मजकूर लिहायचा, पान तो मांडतो. पण त्यात आपल्या आज्ञा आपल्याला घडवता येतात, हे आमच्या कामाचं. आम्ही ‘मात्रा’ नावाची आज्ञा केली. तिला स्वर, अक्षर आणि खूण द्यायची. ती तिन्ही एकाखाली एक बसवते आणि प्रत्येक मात्रेला सारखीच रुंदी देते. दुसरी आज्ञा ‘कोमल’, ती स्वराखाली आडवी रेघ ओढते. स्कीम नावाच्या भाषेतले कंस मोजताना माझे डोळे पांढरे झाले, ते सोडा.

वहीत बुवांच्या सूचनाही आहेत. ‘इथं मींड लांबवावी’ असं लिहून पुढं चार स्वर. मजकुराच्या ओळीतच स्वरांचा तुकडा बसवता येत असल्यानं सूचना आणि स्वर आता वेगळ्या पानांवर जात नाहीत.

पहिलं पान बुवांना दिलं. बोटांवर मात्रा मोजत त्यांनी ते गाऊन पाहिलं आणि दुसऱ्या ओळीत थांबले. “हे अक्षर मी अर्धी मात्रा उशिरा घेतो. वहीतच चुकलंय. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही.”

भाच्यानं एक जागा बदलली. बाकीचं पान जागचं हललं नाही. बुवा म्हणाले, “आता पुढची चाल काढ.”