मुलांनी इंटर्नशिपला परदेशी जावं का?
(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे. त्याचं कारण असं की गेल्या दोन वर्षांत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला. "तू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतेस ना, मग सांग, पोराला परदेशात इंटर्नशिपला पाठवावं का?" आपली मुलं आता अठरा-वीस वर्षांची झाली. कुणाचा मुलगा पुण्यात आहे, कुणाची मुलगी सांगलीत. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन मी थकले, म्हणून आज एकदाच सगळ्यांना सांगते.

आधी शब्दाचं बघू. आपल्या वेळी इंटर्नशिप नव्हती, कार्यानुभवाचा तास होता. त्यात आपण खडू आणि मेणबत्त्या केल्या, आणि बाईंना आठवत असेल, त्यातले निम्मे खडू फळ्यावर उमटतच नव्हते. आताच्या मुलांना पदवीच्या अभ्यासक्रमातच कंपनीत किंवा प्रयोगशाळेत जाऊन काम करावं लागतं, त्याचे गुण मिळतात. ते काम दोन-तीन महिने परदेशात केलं तर काय मिळतं, एवढाच आजचा प्रश्न. तिकडे जाऊन शिकणं आपल्या भागाला नवं नाही. किर्लोस्करवाडीचे शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन परत आले होते. पण ते कारखानदाराच्या घरातले. मी सांगणार आहे ते मोल्डरच्या घरातल्या मुलाबद्दल.

हा मुलगा आमच्या कॉलेजात मेकॅनिकलला होता. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर. तिसऱ्या वर्षाला असताना तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मला कास्टिंगमध्येच काम करायचंय, पण जिथं त्याचा अभ्यास होतो तिथं जाऊन बघायचंय." मी त्याला जर्मनीतल्या फ्रायबर्गचं नाव सांगितलं. ड्रेस्डेन आणि केमनिट्झ यांच्यामधलं छोटं गाव. तिथली खाणविद्येची अकादमी १७६५ सालची आहे. जर्मेनियम आणि इंडियम ही दोन मूलद्रव्यं त्याच गावात सापडली. तिथे ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे. आखेनलाही आहे. त्याने दोन्हीकडे आणि आणखी कितीतरी ठिकाणी प्राध्यापकांना ईमेल लिहिले. साठेक लिहिले असतील. चार उत्तरं आली, तीन नकार आणि एक होकार.

हे साठ ईमेल म्हणजे एकच मजकूर साठ जणांना पाठवला, असं समजू नका. पहिले वीस त्याने तसेच पाठवले होते, त्यांना एकही उत्तर आलं नाही. मग आम्ही दोघं बसलो. ज्यांना लिहायचं त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचायचा, त्यातलं काय कळलं आणि काय कळलं नाही ते दोन वाक्यांत लिहायचं, स्वतःला काय येतं ते एका वाक्यात, कुठल्या महिन्यात येऊ शकतो ते एका वाक्यात. बस्स. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट" हे काढून टाकलं. होकार आला तो वाळूवरच्या प्रश्नाला. त्याने विचारलं होतं की आमच्याकडे मोल्डर वाळू मुठीत दाबून ओलावा ओळखतात, तुम्ही तो कसा मोजता?

तिकिटाचे पैसे वडिलांनी पतसंस्थेतून काढले. राहण्या-जेवणापुरते पैसे प्राध्यापकांनी आपल्या प्रकल्पातून दिले. मे ते जुलै असे तीन महिने. इथे एक अडचण सांगून ठेवते. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबतात आणि तिकडचं उन्हाळी सत्र एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. वेळापत्रक आधी बघा, नाहीतर होकार येतो आणि पेपर आडवा येतो.

तिथे त्याने काय केलं? पहिला आठवडा त्याला कुठल्याच यंत्राला हात लावू दिला नाही. आधी सुरक्षेची माहिती, मग त्यावर सही, मग यंत्र. मग वाळू. रोज सकाळी वाळूचा नमुना घ्यायचा, ओलावा मोजायचा, हवा किती आरपार जाते ते मोजायचं, दाबली तर किती बळ सोसते ते मोजायचं, आणि मिथिलिन ब्लूची चाचणी करून वाळूतलं बेंटोनाइट अजून किती कामाचं उरलंय ते काढायचं. सगळं त्याच दिवशी वहीत लिहायचं, तारखेसकट, पेनानं. खोडायचं असेल तर एक रेघ मारून, म्हणजे खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.

साडेचार वाजले की प्रयोगशाळा रिकामी. आपला पोरगा इंप्रेशन मारायला रात्री आठपर्यंत बसायला निघाला. तिथल्या तंत्रज्ञाने दिवा बंद केला आणि सांगितलं, उद्या ये. दुपारी बारा वाजता जिन्यात जो भेटेल तो "मालत्साइट" म्हणायचा. याला आठवडाभर वाटलं, हे कुणाचं तरी नाव आहे. जेवणाच्या वेळचा नमस्कार तो. रविवारी दुकानं बंद असतात हे त्याला पहिल्या रविवारीच कळलं. आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला आणि शनिवारचा शिळा पाव यांवर तो दिवस निघाला.

आता फायद्याचं बोलू, कारण आपण सगळे आई-बाप आहोत आणि आपल्याला तेच ऐकायचंय.

परत आल्यावर कॅम्पस इंटरव्ह्यूत पॅनेलनं त्याला विचारलं, फ्रायबर्गला काय केलंस? आमची बहुतेक मुलं अशा प्रश्नाला "खूप एक्स्पोजर मिळालं" म्हणतात आणि गप्प बसतात. हा वाळूवर वीस मिनिटं बोलला. आपण ज्याला एफजी-२६० म्हणतो तशा लोखंडाला तिकडे जीजेएल-२५० म्हणतात आणि जुने लोक अजून जीजी-२५ म्हणतात, हे त्याला तोंडपाठ होतं. मॅग्मासॉफ्टवर रायझर कुठे ठेवायचा ते त्याने करून बघितलं होतं. निर्यातीची कास्टिंग्ज करणाऱ्या फाउंड्रीला असा मुलगा हवाच असतो, कारण गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जर्मन मानकांत येतं आणि ते वाचणारा माणूस शॉपवर लागतो. नोकरी तिथेच पक्की झाली. कोल्हापुरातच.

मला त्याच्या नोकरीहून आवडली ती त्यानंतरची गोष्ट. फाउंड्रीत त्याने वडिलांच्या मुठीची परीक्षा घेतली. सलग तीन दिवस वडिलांनी वाळू दाबून ओलावा सांगायचा आणि याने यंत्रावर मोजायचा. वडिलांचा अंदाज जवळजवळ बरोबर यायचा. पण एक गोष्ट मुठीला कळत नव्हती. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरली की तापलेल्या धातूजवळचं बेंटोनाइट जळून मरतं. ओलावा तेवढाच राहतो, मूठही तेच सांगते, पण वाळूची पकड गेलेली असते आणि तिचे कण कास्टिंगमध्ये शिरतात. आठवडाअखेरीला रिजेक्शन का वाढतं, याचा उलगडा तिथे झाला. बेंटोनाइट रोज किती घालायचं ते आता चाचणी बघून ठरतं. वडील अजून मूठ दाबतात, आणि मुलगा आधी त्यांना विचारतो, मग मोजतो.

कुणी म्हणेल, असा मुलगा कुठेही चमकला असता. खरं आहे. साठ ईमेल लिहिणारा पोरगा मुळातच धडपड्या असतो, त्यामुळे सगळं श्रेय परदेशाला देता येणार नाही. पण मी त्याचे जाण्याआधीचे प्रॅक्टिकलचे जर्नल तपासलेत आणि आल्यानंतरचा प्रोजेक्ट रिपोर्टही तपासलाय. आधी सगळ्यांसारखंच एकमेकांचं उतरवलेलं असायचं. नंतरच्या रिपोर्टात फसलेल्या चाचण्यासुद्धा लिहिल्या होत्या, त्या का फसल्या तेही. आणि त्या प्राध्यापकांनी दिलेलं शिफारसपत्र दीड पानाचं होतं, त्यात याने नेमकं काय केलं ते लिहिलेलं. पुढे एमएस, पीएचडी करायची तर असं पत्र प्रवेश समितीला गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतं. आमच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीला पीएचडीची जागा अशाच पत्रावर मिळाली.

आता दुसरी बाजू. आपल्याच एका वर्गमित्रानं मला एक माहितीपत्रक पाठवलं होतं. सहा आठवडे "ग्लोबल इंटर्नशिप", तीन लाख रुपये, शेवटी सर्टिफिकेट. त्याने शेतावर कर्ज काढायची तयारी केली होती. मी त्याला दोनच प्रश्न विचारायला सांगितले. मुलाला काम शिकवणाऱ्या माणसाचं नाव काय, आणि तो कुठल्या आठवड्यात काय शिकवणार? अमेरिकेत इंटर्न म्हणून जायचं तर जे-१ व्हिसा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक डीएस-२०१९ फॉर्म देतो आणि डीएस-७००२ नावाच्या आराखड्यात हेच सगळं लिहावं लागतं. जर्मनीत अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिपला सहसा तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते. त्या एजंटनं नाव सांगितलं नाही आणि वर म्हणाला, टूरिस्ट व्हिसावर जमवू. टूरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. उद्या पोराला विमानतळावरून परत पाठवलं तर त्याची नोंद त्याच्या नावावर राहते, एजंटच्या नाही. मित्राने कर्ज काढलं नाही. तो आज इथे बसलाय आणि हसतोय.

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचे पालक इथे असतील तर त्यांनी जास्त जपा. ओळखीतली एक मुलगी सहा महिने परदेशी हॉटेलात गेली आणि सहाही महिने खोल्यांच्या चादरी बदलून आली. स्वयंपाकघर तिने जेवायला गेली तेव्हाच बघितलं. कामाला कमीपणा नाही, पण ती शेफ व्हायला गेली होती आणि जाण्यासाठी घरून पैसे भरले होते. विभाग बदलून मिळणार की नाही, हे करारात लिहून घ्या.

पैसे न भरता, उलट खर्चाला पैसे मिळून जाता येईल असे मार्ग आहेत. जर्मनीच्या डीएएडीची 'वाइज' ही योजना विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठीच आहे, दोन-तीन महिन्यांची. पण ती ठरावीक संस्थांपुरती आहे, त्यामुळे आपलं कॉलेज बसतं का ते आधी वाचा. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांची. जिनिव्हाजवळ सर्न आहे, भारत २०१७ पासून तिचा सहयोगी सदस्य आहे, आणि तिथला उन्हाळी कार्यक्रम आठ ते तेरा आठवड्यांचा असतो. आयेस्टे ही देवाणघेवाण १९४८ पासून चालू आहे, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सुरू झालेली. या सगळ्यांची तयारी निदान सहा-आठ महिने आधी करायची असते. मे महिन्यात जायचं असेल तर गणपतीत कामाला लागा. पासपोर्टसाठी आपल्या वेळी पुण्याला खेटे घालावे लागायचे, आता कोल्हापुरात काम होतं. मुलांचे काढून ठेवा.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. आयआयटीत, आयसरमध्ये, पुण्याच्या एनसीएलमध्येही उन्हाळ्यात मुलं काम करतात. माझ्याकडची दोन उत्तम मुलं कधी देशाबाहेर गेलेली नाहीत. मीसुद्धा विद्यार्थी असताना गेले नाही. माझा पहिला पासपोर्ट अडतिसाव्या वर्षी निघाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीला परदेशातल्या विद्यापीठातून पत्र आलं होतं. सगळा खर्च त्यांचा. घरच्यांनी पाठवलं नाही. "पोरीची जात, एकटी कुठं राहणार" आणि त्यातच एक स्थळ आलेलं. मी दोनदा घरी जाऊन आले. चहा मिळाला, होकार मिळाला नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. मुलगी आता सुखात आहे, असं तिची आई सांगते. मुलगी स्वतः मला फोन करत नाही. इथे ज्यांच्या मुली आहेत, त्यांच्याकडे उद्या असं पत्र आलं तर "नाही" म्हणण्याआधी मला एक फोन करा. राहण्याची व्यवस्था काय असते, तिथे आपल्या भागातलं कोण आहे, अडचणीत कुणाला हाक मारायची, हे सगळं कागदावर मांडून देते. आधी गेलेल्या मुलींशी बोलणं करून देते, आईचंही आणि मुलीचंही.

बाकीच्यांसाठी माझा नंबर संयोजकांकडे आहे. रविवारी सकाळी दहानंतर मी मोकळी असते. फोन मुलांनी करायचा, आई-बापांनी नाही. आणि येताना ईमेलचा कच्चा मजकूर मुलानं स्वतः लिहून आणायचा, तुम्ही लिहून दिलेला मला लगेच कळतो, तीस वर्षांपूर्वी तुमचे निबंध मी वाचलेले आहेत.