लाळेची तपासणी : स्वस्त काय, गरजेचं काय?

(वस्तीतल्या स्त्रियांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. वय ४७, चार घरची धुणीभांडी. पाळी मागेपुढे होते, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ‘घरबसल्या नळीत लाळ द्या, सगळे हार्मोन कळतील.’ बचत गटातून कर्ज काढायची तयारी होती. विचारत होत्या, ‘ताई, करू का?’

लाळेची तपासणी हे थोतांड नाही. रक्तातले असे बरेचसे हार्मोन प्रथिनांना चिकटलेले असतात. थोडा भाग मोकळा राहतो, तो लाळेत उतरतो आणि मोजता येतो. सुई नको, नर्स नको. कॉर्टिसॉल हा हार्मोन सकाळी जास्त असतो, मध्यरात्री अगदी कमी. कुशिंग नावाच्या आजारात तो रात्री उतरत नाही. ते पाहायला झोपायच्या वेळी घरीच घेतलेली लाळ चालते. २००८ सालापासून तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी आहे.

पण पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन रोज वरखाली होतात. लाळेत ते अगदी कणभर. त्यात मिश्रीने हिरड्या सुजलेल्या, रक्त येणारं. मग आकडा आणखी चुकतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्येच सांगितलं, की हार्मोनच्या गोळ्या ठरवायला ही तपासणी उपयोगाची नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या सूचना तर म्हणतात, पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं असतील तर पाळी जाते आहे हे ओळखायला हार्मोनची तपासणीच नको. बाईचं म्हणणं नीट ऐकलं की पुरे. पण ऐकायला वेळ लागतो, आणि तोच आपल्याला कुणी देत नाही!

मग पैसे कशावर खर्च करायचे? थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहा. दोन्ही रक्तातूनच. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर एक दिवसही थांबू नका. आणि ‘पिशवी काढून टाका’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते २०१९ साली आपण सर्वांनी ऐकलं.

मावशींनी कर्ज काढलं नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत. वाफा अजून येतात, पण ‘मला काहीतरी मोठं झालंय’ ही भीती गेली.

कुणीही तपासणी सांगितली की एवढंच विचारा, ‘रिपोर्ट असा आला तर काय करणार, आणि तसा आला तर काय?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर पैसे गाठीला ठेवा.