कवटीचें ठिगळ



हातापायाचें हाड मोडलें तर तें कालांतरानें सांधतें, हें आपण सर्वजण जाणतों. कवटीची गोष्ट निराळी आहे. प्रौढ मनुष्याच्या कवटीचा तळहाताएवढा भाग गेला, तर ती उणीव निसर्ग भरून काढीत नाहीं. आणि असा भाग जाण्याचे प्रसंग कांहीं दुर्मिळ नव्हेत. मोटारसायकलीवरून पडून मेंदूला मार बसला, किंवा पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यानें मेंदू सुजला, म्हणजे कवटीच्या बंद पेटींत त्याला फुगावयास जागा उरत नाहीं. अशा वेळीं शस्त्रवैद्य कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवितात व रोग्याचा जीव वांचवितात. सूज उतरते, रोगी घरीं येतो. पण डोक्याच्या एका बाजूस कातड्याखालीं हाड नसतें. तेथें कांहीं महिन्यांनीं जें बसवावयाचें, तें कशाचें असावें, याविषयीं आज बोलणार आहें.

हें झांकण केवळ रूपासाठीं नसतें. उघड्या जागीं लहानसा धक्काहि घातक ठरूं शकतो. शिवाय कातडें आंत खचलें कीं बाहेरच्या हवेचा दाब मेंदूवर पडतो. डोकें दुखतें, चक्कर येते, कित्येकांचे हातपाय दुर्बळ होतात. झांकण बसविल्यावर अशा रोग्यांची वाचा व चाल सुधारल्याचीं उदाहरणें आहेत.

उद्योग जुना आहे. अ‍ॅम्स्टरडॅमचा शस्त्रवैद्य योब व्हान मेकेरेन याच्या १६६८ सालीं छापलेल्या ग्रंथांत एका रशियन सरदाराची हकीकत आहे. त्याच्या कवटीला पडलेली खांच कुत्र्याच्या हाडानें बुजविली व ती उत्तम भरली. परंतु पशूचें हाड डोक्यांत बाळगतो म्हणून धर्मपीठानें त्याला बहिष्कृत केलें. बिचाऱ्यानें तें काढून घेण्याची विनंती केली, तों तें इतकें घट्ट बसलेलें कीं निघेना! धर्मपीठाची ती हरकत आतां गेली. शरीराची हरकत मात्र अद्याप गेलेली नाहीं.

पुढें धातू आले. अ‍ॅल्युमिनियमनें आसपास दाह होऊन फेफरें येऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत टँटलमचे पत्रे पुष्कळ सैनिकांना बसविले. हा धातू गंजत नाहीं. पण तो उन्हांत तापे, थंडींत गारठे, आणि डोकें दुखे. त्याच काळांत अ‍ॅक्रिलिक आलें, ज्याच्या दांतांच्या कवळ्या होतात तेंच. भुकटींत द्रव कालवून लगदा करावयाचा व जागेवर दाबावयाचा. स्वस्त, हलकें व सोईचें. म्हणून तें आजहि वापरांत आहे. परंतु घट्ट होतांना तें फार तापतें, यास्तव वरून थंड पाणी सोडीत राहावें लागतें, किंवा तें बाहेरच सांच्यांत घडवून आणावें लागतें. मार बसल्यास तें तडकतें, हाहि त्याचा दोष.

मग रोग्याचें स्वतःचें हाडच परत कां बसवूं नये? तसें करितातहि. काढलेला तुकडा उणें ८० अंशांच्या शीतपेटींत, किंवा शीतपेटी नसेल तेथें रोग्याच्याच पोटाच्या कातड्याखालीं जपून ठेवितात. माझा एक जुना विद्यार्थी तीन महिने आपल्या कवटीचा तुकडा पोटाशीं बाळगून हिंडत होता, व भेटेल त्याला चांचपावयास लावीत होता! आपलेंच हाड, तेव्हां खर्च थोडा व आकार बिनचूक. परंतु तें हाड निर्जीव झालेलें असतें. शरीर तें थोडें थोडें खातें व जागीं नवें घालतें. खाणें अधिक व घालणें कमी झालें, म्हणजे एक-दोन वर्षांत तुकडा झिजून हलूं लागतो. लहान मुलांत हें विशेष घडतें.

आज टायटॅनियमचा मान मोठा आहे. तें शरीराला सोसतें व चुंबकीय तपासणीस आडवें येत नाहीं. परंतु वरचें कातडें वर्षानुवर्षें घासून पातळ होतें व क्वचित् धातू उघडा पडतो. पी. ई. ई. के. या अक्षरांनीं ओळखलें जाणारें कठीण प्लॅस्टिक सी. टी. चित्रावरून यंत्रानें हुबेहूब घडवितां येतें. मात्र तें महाग, आणि हाडाशीं एकजीव होत नाहीं.

सर्वांत मोठें भय जंतूंचें, व तें कोणत्याहि पदार्थास चुकलेलें नाहीं. परक्या पत्र्यांत रक्त फिरत नाहीं. त्यावर जंतूंचा चिकट थर बसला कीं औषध तेथवर पोंचत नाहीं. मग बहुधा पत्रा काढावा लागतो, पुन्हां कित्येक महिने डोकें उघडें ठेवावें लागतें, व पुन्हां शस्त्रक्रिया.

म्हणून नातेवाइकांनीं किंमत विचारावी, पण तेवढ्यावर थांबूं नये. रोग्याचें वय काय, कातडें जाड कीं पातळ, तेथें पूर्वीं पू झाला होता काय, यांवर कोणता पदार्थ बरा तें ठरतें. तें डॉक्टरांकडून समजून घ्यावें. आणि घरीं आल्यावर केस विंचरतांना त्या जागेकडे पाहावें. तेथें लाली, सूज, ओल किंवा चकाकणारा ठिपका दिसला, तर हळद अथवा मलम न लावितां त्याच दिवशीं शस्त्रवैद्याकडे जावें. मग शस्त्रक्रियेला पांच वर्षें लोटलेलीं असोत.